सवाईच्या मांडवात पहिल्यांदा जाणाऱ्यासाठी

“शास्त्रीय संगीत ऐकायला आवडेल हो, पण आम्हाला त्यातले काही कळत नाही,” हे वाक्य पुण्यात डिसेंबर जवळ आला की दरवर्षी कोणीतरी मला ऐकवते, आणि दरवर्षी मी त्या माणसाला तिकीट काढायला लावतो. राग ओळखता येणे ही मैफलीला जाण्याची अट नाही. मैफलींना जात राहिल्याने ती ओळख हळूहळू होते, आणि नाही झाली तरी गाण्याचा आनंद तिच्यावाचून अडत नाही. नवख्या श्रोत्याला खरी गरज असते ती वेगळ्याच माहितीची: कोणत्या दिवशी जावे, कुठे बसावे, गाणारा या क्षणी काय करतो आहे हे कशावरून ओळखावे, दाद केव्हा द्यावी आणि पाच-सहा तास मांडी घालून बसायचे तर सोबत काय न्यावे. जाणकारांना या गोष्टी सांगण्यासारख्या वाटत नाहीत, म्हणून त्या नवख्यापर्यंत पोहोचतच नाहीत. त्या येथे क्रमाने सांगतो.

उदाहरण म्हणून पुण्याचा सवाई गंधर्व भीमसेन महोत्सव घेतला आहे. किराणा घराण्याचे गायक रामभाऊ कुंदगोळकर, म्हणजेच सवाई गंधर्व, १९५२ साली गेले आणि पुढच्याच वर्षी त्यांचे शिष्य भीमसेन जोशी यांच्या पुढाकाराने आर्य संगीत प्रसारक मंडळाने त्यांच्या स्मरणार्थ हा उत्सव सुरू केला. २०११ मध्ये भीमसेनजी गेल्यानंतर त्यांचेही नाव उत्सवाला जोडले गेले. पुणेकरांच्या तोंडी मात्र तो अजून नुसता ‘सवाई’च आहे. पहिल्या अनुभवासाठी मी सवाई सुचवतो याचे कारण असे की, तेथे एकाच बैठकीत तीन-चार कलाकार ऐकायला मिळतात, त्यांत गायन असते, सतार, सरोद, बासरी किंवा व्हायोलिन असते, आणि आपला कान नेमका कशात रमतो हे एका संध्याकाळीच समजून येते.

दिवस निवडणे

पहिल्या वर्षी सगळ्या दिवसांचे तिकीट काढू नये. कानाला ताणून ऐकण्याची सवय नसते तेव्हा दुसऱ्या दिवसापासून सूर नुसते अंगावरून जाऊ लागतात, आणि मग दोष आपलाच आहे असे उगाच वाटत राहते. एकच दिवस निवडावा आणि तो पूर्ण ऐकावा. निवडताना केवळ सर्वांत मोठ्या नावाकडे पाहू नये. ज्या दिवशी एक तरुण गायक किंवा गायिका, एक वादक आणि एक ज्येष्ठ कलाकार असा क्रम असेल तो दिवस नवख्यासाठी सर्वांत चांगला, कारण तुलनेला जागा मिळते. कार्यक्रमपत्रिका, वेळ आणि तिकिटाचे दर दरवर्षी वेगळे असतात, म्हणून ते मंडळाच्या त्या वर्षीच्या जाहीर सूचनेवरूनच पाहावेत.

बैठक दुपारी सुरू होते, याचा रागांशी थेट संबंध आहे. हिंदुस्थानी संगीतात रागांना प्रहर नेमून दिलेले आहेत. दुपार कलताना भीमपलास, पटदीप किंवा मुलतानी कानी पडेल, सूर्य मावळायच्या सुमारास मारवा किंवा पूरिया धनाश्री, दिवेलागणीनंतर यमन, आणि रात्र वाढू लागली की बागेश्री. जो श्रोता “कामावरून परस्पर सात वाजता येतो” असे ठरवतो त्याच्या हातून दुपारचे राग कायमचे निसटतात, कारण संध्याकाळच्या मैफलींत ते सहसा गायलेच जात नाहीत. पहिल्या खेपेस अर्ध्या दिवसाची रजा टाकावी, असे मी आग्रहाने सांगेन.

पूर्वी हा उत्सव रात्रभर चाले, आणि पहाटे ललत, मग भैरव, मग तोडी असे राग श्रोत्यांना त्यांच्या खऱ्या वेळी ऐकायला मिळत. ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० साली आले आणि रात्री दहानंतर उघड्यावर ध्वनिक्षेपक लावण्यावर बंधन आले. वर्षातल्या ठरावीक मोजक्या दिवशी सरकार बारापर्यंत मुभा देऊ शकते, पण पहाट काही मिळत नाही. शेजाऱ्यांच्या झोपेचा विचार योग्यच आहे, तरीही हे नुकसान खरे आहे आणि मला ते आजही जाणवते. त्यावर उपाय एकच: शहरात सकाळच्या बैठका होतात, त्यांवर लक्ष ठेवावे आणि रविवारी सहाला उठून एकदा तरी तोडी समोर बसून ऐकावी.

सोबत काय न्यावे

डिसेंबरातली पुण्याची थंडी मांडवात आठनंतर जमिनीतून वर येते. शाल, कानाला मफलर, बसायला घडी घालता येईल अशी सतरंजी किंवा पातळ गादी, पाण्याची बाटली, आणि चपला ठेवायला एक कापडी पिशवी. पिशवीचे महत्त्व पहिल्या दिवशी लक्षात येत नाही. हजारो जोडांच्या ढिगाऱ्यात रात्री आपले शोधावे लागले की येते. कपड्यांचा कोणताही दंडक नाही.

जागा

भारतीय बैठक आणि खुर्च्या असे दोन भाग असतात, आणि भारतीय बैठकीचे तिकीट स्वस्त असते. गुडघ्यांनी साथ दिली तर जमिनीवरच बसावे. स्वस्त म्हणून नव्हे. ताल मांडीवर धरणारी, डोळे मिटून मान डोलावणारी, गायकाने घेतलेल्या एखाद्या सुरेख स्वरावलीवर एकमेकांकडे पाहून हसणारी माणसे तिथे बसतात, आणि नवख्याचे अर्धे शिक्षण त्यांच्याकडे पाहूनच होते. अगदी पुढे जाण्याची धडपड करू नये. एवढ्या मोठ्या मांडवात समोरच्या कर्ण्यांचा आवाज जवळून बोचतो आणि तबला गाण्यावर चढतो. ध्वनियंत्रणा सांभाळणारे जिथे टेबल मांडून बसलेले असतात, त्याच्या थोडे पुढे, मध्यभागी बसावे. आवाजाचा समतोल ते लोक स्वतःच्या कानाने तिथे बसूनच साधत असतात, त्यामुळे तिथला आवाज सर्वांत नीट असतो.

तंबोरे जुळताना

बहुतेक नवखे श्रोते या वेळी बोलत असतात किंवा चहाला गेलेले असतात. मीही पहिल्या वर्षी तेच केले, आणि परत आलो तेव्हा विलंबित ख्याल, म्हणजे संथ लयीतले मुख्य गाणे, रंगात आला होता. लोकांच्या गुडघ्यांवरून पाय टाकत जागेवर पोहोचेपर्यंत माझ्यामुळे दहा-बारा जणांची समाधी मोडली, हे मला फार लागले. त्यानंतर मी तंबोरे चुकवलेले नाहीत.

गायकाच्या मागे दोन तंबोरे असतात आणि ते बहुधा शिष्यच धरतात. तंबोऱ्याला चार तारा. पहिली मंद्र पंचमाची, म्हणजे खालच्या सप्तकातल्या ‘प’ची, मधल्या दोन षड्जाच्या, म्हणजे ‘सा’च्या, जोडाच्या आणि शेवटची खर्जाची, म्हणजे खालच्या ‘सा’ची. आधी खुंट्या पिळून तारा ढोबळ जुळवतात, मग तारेखालचा मणी केसभर पुढे-मागे सरकवून बारीक अंतर भरतात, आणि शेवटी घोडीवर, म्हणजे तारा ज्या पट्टीवर टेकतात तिच्यावर, तारेखाली असलेला दोऱ्याचा तुकडा चिमटीत धरून हलवतात. तो दोरा योग्य ठिकाणी आला की तारेचा कोरडा टणत्कार एकाएकी भरून येतो आणि तिच्यातून मधमाश्यांच्या गुंजनासारखे कित्येक सूर एकदम उमलतात. हीच जवारी. एका वर्षी माझ्या शेजारी बसलेल्या आजींनी त्या क्षणी माझ्या मनगटावर हात ठेवला आणि म्हणाल्या, “लागला बघा, बाळ, आता ऐका.” त्यांनी हात ठेवला नसता तर दोन आवाजांतला तो फरक मला आणखी कित्येक वर्षे कळला नसता.

आणखी एक उपयोगी खूण: पहिली तार पंचमाऐवजी मध्यमात, म्हणजे ‘म’मध्ये, लावली, तर ज्यात पंचम नाही किंवा अगदी थोडा आहे असा राग बहुधा येणार हे कळते, आणि रात्रीची वेळ असेल तर तो मालकंस असण्याची शक्यता मोठी. राग सुरू होण्याआधीच हे आपल्याला कळले, याचा आनंद काही वेगळाच असतो. तिकडे तबलजी हातोडीने गजऱ्यावर, म्हणजे तोंडाभोवतीच्या कातडी वेढ्यावर, आणि बाजूच्या लाकडी गट्ट्यांवर ठोके देऊन तबला षड्जाला मिळवत असतो. तबला आणि तंबोरा एकजीव झाले की मांडवातली कुजबुज आपोआप थांबते.

ख्याल कसा उलगडतो

सुरुवातीला गायक तालाशिवाय काही मिनिटे नुसते आकाराने, म्हणजे ‘आ’ असा उच्चार करत, किंवा बंदिशीच्या, म्हणजे बांधलेल्या गीताच्या, शब्दांनी रागाचे स्वर मांडतो. त्याचा अर्थ लावत बसू नये. कोणत्या स्वरावर तो पुन्हा पुन्हा येऊन थांबतो तेवढेच ऐकावे. मग बडा ख्याल, म्हणजे संथ लयीतला ख्याल, सुरू होतो आणि तबला येतो. बहुतेक वेळा ताल विलंबित एकताल असतो, बारा मात्रांचा, म्हणजे बारा ठोक्यांचा, आणि लय इतकी संथ असू शकते की एका आवर्तनाला, म्हणजे तालाच्या एका फेरीला, पाऊण मिनिट लागावे. नवखा श्रोता कंटाळतो तो येथेच. त्याला वाटते, काहीच घडत नाही. खरे पाहता मैफलीतले सर्वांत मोठे काम याच वेळी चालू असते: गायक एकेक स्वर घेतो, त्याच्याभोवती फिरतो, त्याला शेजारच्या स्वराशी जोडून पाहतो आणि मग वरच्या स्वराचे दार किलकिले करतो. तार षड्ज, म्हणजे वरच्या सप्तकातला ‘सा’, येईपर्यंत तो आपल्याला वाट पाहायला लावतो. ती वाट तुम्ही मनापासून पाहिली असेल, तर तार षड्ज लागताना डोळ्यांत पाणी येते. राग ओळखता येतो की नाही याचा त्याच्याशी संबंध नसतो.

वाट पाहण्यासाठी एक आधार मात्र हवा, आणि तो आधार म्हणजे सम. सम म्हणजे आवर्तनाची पहिली मात्रा. गायक मधल्या मात्रांत कितीही दूर भटकला तरी बंदिशीचा मुखडा, म्हणजे तिच्या पहिल्या ओळीचा तुकडा, घेऊन त्याला समेवर यावेच लागते. ती कशी ओळखावी? एकतालाचा ठेका, म्हणजे तबल्यावर वाजणारे त्याचे ठरलेले बोल, असा: धिं धिं धागे तिरकिट तू ना, कत् ता धागे तिरकिट धी ना. यात ‘तिरकिट’ दोनदा येते, आणि तबल्याच्या संथ ठेक्यात ते चटकन कानात भरते. पहिल्या तिरकिटनंतर ‘तू ना’ आले तर आपण आवर्तनाच्या मध्याजवळ आहोत. दुसऱ्या तिरकिटनंतर ‘धी ना’ आले की लगेच सम. एवढे पाठ करून गेलात तर पहिली दहा मिनिटे चुकाल, अकराव्या मिनिटाला तुमचा हात इतर पाचशे हातांबरोबर मांडीवर पडेल.

त्यानंतरचा छोटा ख्याल बहुधा द्रुत, म्हणजे जलद, तीनतालात असतो. त्याच्या सोळा मात्रा चार-चारच्या चार भागांत विभागलेल्या असतात. तेथे बोल मोजत बसायला वेळ नसतो, म्हणून डग्ग्याकडे, म्हणजे तबल्याच्या जोडीतल्या घुमणाऱ्या मोठ्या वाद्याकडे, लक्ष द्यावे. नवव्या मात्रेला ‘खाली’ येते, म्हणजे तालाचा वजन नसलेला भाग सुरू होतो, आणि त्यानंतर डग्ग्याचा घुमारा काही मात्रा गप्प होतो. तो घुमारा परतला की सम दोन-तीन पावलांवर आली आहे असे समजावे. ताना, म्हणजे जलद स्वरमालिका, सुरू झाल्या की गायक आणि तबलजी यांच्यात जे चालते ते डोळ्यांनीही पाहावे. गायक समेकडे झेपावताना तबलजीकडे बघतो, तबलजी ओठ आवळतो, पेटीवाला गायकाची तान अर्ध्या श्वासाने मागोमाग धरतो, आणि सम पडते तेव्हा तिघांच्याही चेहऱ्यावर एकच हसू उमटते. ध्वनिमुद्रणात सम ऐकू येते, पण ते हसू तिथे नसते. जुन्या अठ्ठ्याहत्तर फेऱ्यांच्या तबकडीच्या एका बाजूवर सुमारे तीन-साडेतीन मिनिटांचेच गाणे मावे. त्या तबकड्या अनमोल आहेत, पण समोर बसलेल्या माणसांकडे पाहून रागाचा विस्तार वाढवत नेणारा गायक त्यांत असू शकत नाही.

दाद

नवख्याला सर्वांत जास्त भीती याची वाटते. दाद देणे म्हणजे शहाणपण दाखवणे नव्हे, ते गायकाला दिलेले उत्तर आहे, आणि गायकाला ते हवे असते. मनाला भिडलेल्या जागेवर ‘वा’ म्हणावे, ‘क्या बात है’ म्हणावे किंवा नुसती मान हलवावी. आवाज आपल्या शेजाऱ्यापलीकडे जाऊ नये इतका बेताचा ठेवावा. मंचावर तो व्यक्तिशः पोहोचत नाही, पण शेकडो बारीक हुंकारांचा मिळून जो उसासा होतो तो नक्की पोहोचतो. टाळ्या समेनंतर द्याव्यात. तान निम्म्यावर असताना टाळ्या वाजल्या तर ती कुठे उतरली हे कोणालाच ऐकू येत नाही. विलंबितात लागलेल्या एखाद्या दीर्घ स्वरानंतर मात्र टाळ्या वाजवूच नयेत, कारण त्या स्वरामागची शांतता त्याच्याइतकीच मोलाची असते. जे भिडले नाही त्याला इतरांचे बघून दाद देऊ नये. खोटी दाद दिली की आपले खरे ऐकणे तेथेच थांबते.

मोबाइल बंद करावा. कंपनावर ठेवावा असे मी म्हणत नाही, बंदच करावा. ध्वनिमुद्रणाला परवानगी नसते, आणि उंच धरलेला उजळ पडदा मागच्या वीस जणांच्या डोळ्यांत खुपतो.

उठावे, फिरावे, खावे

एक कलाकार संपून दुसरा येईपर्यंत मंच आवरायला वेळ लागतो, तेव्हाच उठावे. बाहेर चहा, वडे आणि पुस्तकांचे स्टॉल असतात, चहाच्या रांगेतली चर्चा ऐकण्यासारखी असते आणि अनोळखी माणसाला “आत्ता काय गायले हो?” असे विचारायला तिथे कोणाला संकोच वाटत नाही. विचारावेच. खाणे मांडवात आणू नये. लहान मुले चालतील, पण त्यांच्यासोबत कडेला बसावे, म्हणजे त्यांना कंटाळा आला की कोणाला न उठवता बाहेर जाता येते.

घरी आल्यावर झोपण्याआधी वहीत चार ओळी लिहाव्यात: तारीख, कलाकार, राग, बंदिशीचे कानात राहिलेले शब्द आणि कोणत्या ठिकाणी अंगावर काटा आला. पुढच्या आठवड्यात तोच राग दुसऱ्या कोणाच्या आवाजात ऐकावा. राग ओळखायला शिकण्याचा याहून सोपा मार्ग मला सापडलेला नाही.

सवाई नसेल तेव्हा

उरलेले अकरा महिने कोरडे नसतात. पुण्यातच गायक वसंतराव देशपांडे यांच्या स्मरणार्थ वसंतोत्सव होतो. कोल्हापुरात गायन समाज देवल क्लब ही संगीतसंस्था आहे, पणजीला कला अकादमीत गायिका केसरबाई केरकर यांच्या नावाचा समारोह होतो. मिरजेला तर मुद्दाम जावे. सवाई गंधर्वांचे गुरू अब्दुल करीम खाँ १९३७ साली गेले, ते तेथेच दर्ग्याच्या आवारात विसावले आहेत, आणि उरुसात कलाकार त्यांच्या स्मरणार्थ तेथे गाऊन-वाजवून हजेरी लावतात. शिवाय ज्या तंबोऱ्यांची जवारी तुम्ही मांडवात ऐकली, त्यांचे भोपळे त्याच गावाच्या गल्लीत वाळत घातलेले दिसतात.

या सगळ्यांहून जवळची असते ती घरगुती बैठक. एखाद्याच्या दिवाणखान्यात तीस-चाळीस माणसे, ध्वनिक्षेपक नाही, गायक हाताच्या अंतरावर. अशा बैठकीचे आमंत्रण सवाईच्या रांगेत झालेल्या ओळखीतूनच बहुधा मिळते. तेथे वेळेच्या आधी दहा मिनिटे पोहोचावे, यजमान देतील ती जागा घ्यावी, आणि गायकाला फर्माईश करू नये, तो स्वतः “काय ऐकणार?” असे विचारेल तेव्हा बंदिशीचे नव्हे, रागाचे नाव सांगावे, म्हणजे त्याला निवडीची मोकळीक राहते.

शेवटच्या रात्री

शक्य असल्यास तुमचा एक दिवस पुढच्या वर्षी तरी शेवटचा असू द्यावा. अलीकडे उत्सव मुकुंदनगरमध्ये होतो, स्वारगेट तेथून जवळ आहे. शेवटची मेट्रो आणि बस किती वाजता सुटते हे निघण्यापूर्वी पाहून ठेवावे, म्हणजे अखेरच्या अर्ध्या तासात घड्याळाकडे पाहावे लागत नाही. शेवटी भैरवी येते. खरे तर हा सकाळचा राग, पण मैफल कोणत्याही प्रहरी संपो, तिची सांगता भैरवीनेच करण्याची रीत आहे, म्हणून भैरवीचे कोमल स्वर कानी पडताच लोक सावरून बसतात. तिच्या टाळ्या संपल्या की काही जण उठून जोडे शोधायला धावतात. तुम्ही बसून राहावे. मंच रिकामा होतो, तंबोरे गवसणीत जातात, आणि मग सवाई गंधर्वांची जुनी तबकडी लावली जाते. तिच्यातही भैरवीच आहे. खरखरीतून तो आवाज वर येतो, आणि इतका वेळ मांडी घालून बसलेली हजारो माणसे रिकाम्या मंचाकडे बघत ती तीन मिनिटे ऐकतात. ती संपली की सतरंजी झटकावी, घडी घालावी आणि मग पिशवीतून चपला काढाव्यात.